आतल्या खोलीचा स्लॅब

संक्रांत होऊन आठेक दिवस झाले होते. दुपारचं जेवण आटोपून मी स्वयंपाकघरात अळीव निवडत बसले होते, तेवढ्यात आतल्या खोलीत धप्पकन काहीतरी पडलं. कपाटावरची बॅग असेल असं वाटलं. जाऊन बघते तर छताचा पोळपाटाएवढा तुकडा पलंगावर, अगदी उशीच्या मधोमध. वर काँक्रीटमधल्या दोन सळ्या उघड्या पडल्या होत्या आणि धूळ अजून खाली येत होती.

तो पलंग मी दोनच दिवसांपूर्वी गादीला ऊन दाखवून तयार केला होता. माझी मुलगी सातव्या महिन्यात होती. तिचं सासर दादरला, दोन खोल्यांत पाच माणसं. त्यामुळे पहिलं बाळंतपण माझ्याकडे, हे लग्नाच्या वेळीच ठरल्यासारखं होतं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, घरात मी एकटी. परळचं हॉस्पिटल चालत पंधरा मिनिटांवर, आणि तिथल्या केसपेपरच्या खिडकीवर मी नोकरीची सगळी वर्षं काढलेली. फेब्रुवारीच्या शेवटी ती येणार होती. मी तो तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून तसाच घेऊन उभी राहिले. चांगला जड होता.

संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावून दाखवलं. त्यांनी मान वर केली आणि लगेच खाली घातली. "वहिनी, रिडेव्हलपमेंटचं चाललंय ना. आता कोण खर्च करणार? आतलं काम तुमचं तुम्ही करून घ्या." करी रोडच्या पुलाजवळची आमची ही चार मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, आमच्याकडे मात्र गेली कित्येक वर्षं नुसत्या मीटिंगा होतात. बिल्डर येतात, चहा पितात, जातात. पाडायचीच आहे म्हणून कोणी दुरुस्त करत नाही, आणि पाडतही कोणी नाही.

नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याने एका मिस्त्रींचा नंबर दिला. साठीचे, साताऱ्याकडचे, अंगाने किरकोळ. आल्या आल्या त्यांनी स्टूल मागितलं, वर चढले आणि खिशातून लहानशी हातोडी काढून छत वाजवायला लागले. भिंतीच्या कडेने टणटण आवाज येत होता. मग मोरीच्या बाजूला सरकले तसा आवाज बदलला. बद्द, बद्द. खोलीच्या जवळजवळ अर्ध्या भागात तसाच आवाज. त्यांनी किल्लीने उघडी सळई खरवडली, तर गंजाचे पापुद्रे निघून माझ्या पायाशी पडले.

"वरनं पाणी येतंय, ताई," ते खाली उतरत म्हणाले. "वरच्यांची मोरी फोडून कोबा नव्यानं करायला लागंल. ते बंद झाल्याबिगर खाली हात लावण्यात अर्थ नाही. मग हे सगळं पोकळ पाडायचं, सळ्या घासायच्या, गरज पडली तर नव्या जोडायच्या, मग सिमेंटचा मसाला भरायचा."

"किती दिवस?"

"वीस-बावीस धरा. लई घाई असंल तर मी नको, दुसरा कोणी बघा."

मी त्यांना "कळवते" म्हणाले. आज हिशेब केला तर दिसतं, त्याच दिवशी हो म्हटलं असतं तर मुलगी यायच्या आत काम संपलं असतं. पण बावीस दिवसांची अडचण मला नव्हतीच. अडचण जिना चढून वर जाण्याची होती.

वरच्या घरात एकच माणूस राहतो. सत्तरी ओलांडलेला, मालवणकडचा, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करून रिटायर झालेला. त्यांच्याशी आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण हीच मोरी. तेव्हा आमच्या छतावर पहिल्यांदा ओल आली, माझ्या नवऱ्याने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्याचा तोल गेला. वरच्या दारात उभं राहून तो सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडला. "तुम्ही माणसं आहात का जनावरं," इथपर्यंत गेला. दार उघडंच होतं. आत त्यांची बायको पलंगावर होती. तिला कॅन्सर आहे हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आम्हाला ते दोन महिन्यांनी कळलं, ती गेली तेव्हा. नवरा त्यानंतर बरेच दिवस गप्प गप्प होता. वर जाऊन येतो, असं मला एक-दोनदा म्हणालाही. गेला नाही. मीही कधी ढकललं नाही. नवरा गेला त्या दिवशी ते वरचे गृहस्थ खाली फाटकापाशी सगळ्यांच्या मागे उभे होते, तेवढंच.

तर मी दुसरा कॉन्ट्रॅक्टर शोधला. हा पस्तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, मोबाइलवर फोटो दाखवत बोलणारा. त्याने हातोडी वगैरे काढली नाही. खालूनच बघितलं.

"मॅडम, वर जायची गरजच नाही. आमच्याकडे केमिकल आहे, खालूनच सील करतो. चार दिवस. पाचव्या दिवशी तुम्हाला तुमचीच खोली ओळखू येणार नाही."

वर जायची गरज नाही, हे वाक्य ऐकायलाच मी जणू बसले होते. मी त्याला हो म्हटलं.

त्याची दोन माणसं आली. सुटं होतं तेवढं पाडलं, बाकीच्याला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी दारात उभी होते. कारागीर थापीवर माल घेऊन सळ्यांपाशी थांबला. सळ्या तशाच लालबुंद, गंजलेल्या. त्याने मालकाकडे बघितलं. मालकाने नुसती हनुवटी वर केली, लाव म्हणून. कारागिराने थापी मारली. हे मी बघितलं, स्पष्ट बघितलं. त्या सळ्या घासायच्या असतात हे आठ दिवसांपूर्वीच मला मिस्त्रींनी सांगितलं होतं. मी वळले. चहा ठेवायला आत गेले.

केसपेपरच्या खिडकीवर अशी माणसं मी खूप बघितली होती. रिपोर्ट हातात असायचा, तरी तो उघडून दाखवायचा सोडून कॅन्टीन कुठे आहे ते विचारायची. मला त्यांचा राग यायचा.

चार दिवसांत खोली खरंच नवी झाली. पांढरंशुभ्र छत, कडेला पीओपीची पट्टी. मुलीला फोनवर सांगितलं, "तुझ्यासाठी रंग काढलाय." ती खूश. म्हणाली, येऊन बघून जाते. मी म्हटलं, नको, रंगाचा वास अजून गेला नाही, तुला त्रास होईल. चार दिवसांनी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तुकडा पडल्याचं तिला माहीतच नव्हतं.

आणि मग माझं बसणं उठणं बिघडलं. त्या खोलीत मी जायची, वर बघायची, बाहेर यायची. भाजी चिरताना मध्येच सुरी ठेवून जायची. डिंक आणि खारीक घ्यायला लालबागच्या बाजारात गेले, दुकानदार दोनदा काय हवं विचारत होता आणि मी त्याच्या दुकानाचं छत बघत होते. बसस्टॉपवर, बँकेत, देवळात, जिथे जाईन तिथे आधी वर नजर. एका सकाळी झाडूचा दांडा उलटा करून नवं छत हळूच ठोकून बघितलं. बद्द. जरा बाजूला. बद्द. मी दांडा खाली ठेवला आणि स्वतःलाच म्हटलं, ताजा माल आहे, सुकला की आवाज बदलेल.

दहाव्या की अकराव्या दिवशी त्या पांढऱ्यावर एक डाग दिसला. रुपयाएवढा, फिकट चहासारखा. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. "मॅडम, ते मॉइश्चर आहे. पंखा चालू ठेवा, सुकेल." दुसऱ्या दिवशी डाग बशीएवढा. फोन लावला, वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी तर कट केला.

मुलगी यायला आठ दिवस राहिले होते. मी तिचा फोन ठेवला. तिने बाळासाठी दुपटी शिवून घेतली होती, त्याबद्दल बोलत होती. मी खोलीत गेले आणि पलंग भिंतीकडे ओढायला लागले. ठरवून काही केलं असं नाही. पलंग सरकला, मग कपाटावर जुनी चादर टाकली, डोक्याला ओढणी गुंडाळली, नवऱ्याचा जुना चष्मा डोळ्यांवर चढवला. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेतला आणि स्टुलावर चढले. सकाळचे अकरा वाजले असतील. खाली भंगारवाला ओरडत चालला होता.

पहिल्या घावाला नुसता रंग उडाला. दुसऱ्याला भेग गेली. तिसरा घातला आणि परातीएवढा पापुद्रा अख्खाच्या अख्खा सुटून माझ्या खांद्याला घासत खाली गेला. आत सगळं ओलं होतं. सळ्यांवर बोट ठेवलं तर लाल पाणी बोटाला लागलं. मग मला थांबताच येईना. मी मारत राहिले. रडत होते का ते आठवत नाही, धुळीने डोळे वाहत होते एवढं खरं. मनगटातून कळ जात होती. माझ्या हाताने लावून घेतलेलं होतं, ते माझ्याच हाताने निघत होतं, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटत होतं.

"वैनी!"

वरचे दारात उभे होते. बनियन, लुंगी, चप्पल उंबऱ्याबाहेर काढलेली.

"काय चल्लाहा ह्या? लागला नाय मा तुमका?"

मी स्टुलावरून उतरले. हातात बत्ता तसाच. त्यांनी छताकडे बघितलं.

"पाणी माझ्याच मोरीतसून येता," ते म्हणाले. "माका म्हायत होता."

"कधीपासून?"

"तेव्हापासून." ते खाली बघत होते. "तेंनी बोंब मारल्यानी, तेव्हा माका राग इलो. म्हटला, आता करूचाच नाय. मग ही गेली. मग रागय गेलो, पण कोणाक बोलवन, फोडून घेईन, ह्या काय झालाच नाय. रवला ता रवला."

मी पलंगाच्या कडेवर टेकले. अकरा वर्षं सांगायचं राहिलेलं होतं, ते अगदी साध्या शब्दांत बाहेर पडलं. "भाऊ, त्या आत झोपल्या होत्या. आम्हाला माहीत नव्हतं. यांना नंतर फार लागलं ते. यायचं म्हणत होते वर, आले नाहीत. मी तरी यायला हवं होतं."

"ती सगळा ऐकत होती," ते म्हणाले. "माका म्हणाली, पाणी आपला, तेंचा काय चुकला? मोरी करून घेवा. मीच नाय ऐकलंय."

मग ते वाकून पडलेले तुकडे गोळा करायला लागले. मी नको नको म्हणत होते तरी त्यांनी दोन घमेली भरून जिन्यापाशी नेऊन ठेवली. जाताना म्हणाले, "मिस्त्री बोलवा. माझी मोरी खंय फोडूची थंय फोडूंदे."

मिस्त्रींचा फोन लागत नव्हता. हार्डवेअरवाल्याने सांगितलं, गिरगावात एका चाळीचं काम चालू आहे. मी तशीच, केसांत सिमेंट, बस पकडून गिरगावला गेले. चाळीच्या अंगणात बांबूच्या परांचीवर ते उभे होते, बीमच्या सळ्यांवर तारेचा ब्रश चालवत. मला बघून खाली उतरले.

"वर न जाताच केलंत ना काम?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती पडलं?"

"पडलं नाही. मी पाडलं. बत्त्याने."

ते माझ्या मनगटाकडे बघत राहिले. ते एव्हाना सुजलं होतं. हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. "स्लॅबखाली उभं राहून? एकट्या? ताई, वरचं सगळंच आलं असतं म्हंजे?" चांगले रागावले. मग म्हणाले, "हे काम दहा दिवसांनी संपतंय. त्याच्या आधी नाही जमणार."

"मुलगी आठ दिवसांत येतेय. बाळंतपणाला."

"मुलीला आणू नका," ते सरळ म्हणाले. "संध्याकाळी टेकू लावून जातो. पण त्या खोलीत कोणी झोपायचं नाही."

संध्याकाळी टेम्पोतून लोखंडी टेकू आले. जमिनीपासून छतापर्यंत, ओळीने पाच. खोलीत पलंग उभा करून ठेवावा लागला. मिस्त्री गेल्यावर मी मुलीला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. उशीवर पडलेल्या तुकड्यापासून.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, तू मला रंग काढला म्हणून सांगितलंस."

"हो."

"मी दोनदा येते म्हटलं. तू वासाचं कारण सांगितलंस. मी इथे सगळ्यांना सांगत होते, आईने खोली सजवली म्हणून." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "मी आणि बाळ त्याच्याखाली झोपणार होतो."

तिने फोन ठेवला. पुढचे चार दिवस तिने स्वतःहून फोन केला नाही, मी केला की "बरी आहे" एवढंच. पाचव्या दिवशी मी दादरला गेले. तिच्या सासूबाईंनी बाहेरच्या खोलीत पडदा लावून तिच्यासाठी कोपरा केला होता. सासरे स्वयंपाकघरात झोपत होते. सासूबाई मला म्हणाल्या, "अहो, होतं असं. तुम्ही बसा." मी त्या पडद्याच्या कोपऱ्यात मुलीचे सुजलेले पाय चेपत बसले. तिने पाय मागे घेतले नाहीत.

मार्चमध्ये काम सुरू झालं. आधी वरची मोरी. फरशी निघाली, खालचा जुना कोबा निघाला. काळा पडलेला, हाताने भुगा होत होता. तेवढे दिवस भाऊंना पाणी वापरायला जागा नव्हती. मग ते रोज सकाळी सातला टॉवेल आणि साबणाची डबी घेऊन खाली माझ्याकडे आंघोळीला येत. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही इतके संकोचलो की मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि ते ओल्या केसांनी वर पळाले. चौथ्या दिवशी मी चहा पुढे केला. सहाव्या दिवशी ते येताना पाव घेऊन आले.

मग माझी खोली. मिस्त्रींनी पोकळ होतं ते सगळं पाडलं. मी दारात खुर्ची टाकून बसले आणि हललेच नाही. एक एक सळई तारेच्या ब्रशने घासून चकचकीत होईपर्यंत बघितली. चार सळ्या तर सडून काडीएवढ्या राहिल्या होत्या, तिथे नव्या जोडल्या. मिस्त्री मध्येच म्हणाले, "ताई, जेवून तरी घ्या." मी ताट तिथेच घेऊन आले. त्यांना माझा त्रासच होत असणार. पण एकदा, मसाला भरायच्या आधी, त्यांनी मला स्टुलावर चढायला सांगितलं आणि सळईवरून हात फिरवायला लावला. म्हणाले, "बघा, समाधान करून घ्या." मी केलं.

मसाला भरून दोन दिवस झाले होते, तो पक्का व्हावा म्हणून छताला दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा मारायचा होता, आणि दुपारी जावयाचा फोन आला. कळा सुरू झाल्यात, तारखेच्या दोन आठवडे आधीच, टॅक्सीने परळला निघालोय. मी घराची किल्ली घेऊन वर गेले. भाऊ जेवत होते. उष्ट्या हातानेच उठले.

"फवारो खंय आसा?"

"मोरीत. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मोरीच्या बाजूला जास्त."

"जावा तुम्ही. मी बघतंय."

मी चालत गेले, जवळजवळ धावत. ज्या खिडकीत मी एवढी वर्षं बसले तिथे आता एक तरुण मुलगी होती. तिने मला ओळखलं नाही आणि मला रांगेत उभं केलं, ते बरोबरच होतं. संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून काढलं. सासूबाई शेजारी जप करत होत्या, मला एका जागी बसवत नव्हतं. सात वाजायच्या सुमाराला मुलगी झाली. वजन थोडं कमी, बाकी ठणठणीत. माझ्या लेकीने मला बघून पहिल्यांदा विचारलं ते असं: "टेकू काढले का?"

"अजून नाहीत."

"मग आम्ही दादरलाच जातो."

"हो. तेच बरं," मी म्हटलं. ते म्हणताना काय झालं ते सांगत बसत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं डब्यातून करी रोड ते दादर असं सव्वा महिना नेत राहिले. बाळाला पहिली आंघोळ सासूबाईंनी घातली. मी टॉवेल धरून उभी होते.

टेकू निघाले त्या दिवशी मिस्त्रींनी हातोडी माझ्या हातात दिली. मी अख्खं छत वाजवून बघितलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. भाऊ दारात उभे राहून ऐकत होते. टणटण, सगळीकडे. कॉन्ट्रॅक्टरला मी पुन्हा फोन केला नाही. त्याच्याशी भांडायला गेले असते, तर त्या गंजलेल्या सळ्या मी बघितल्या होत्या, एवढं मला गाळावं लागलं असतं.

एप्रिलच्या अखेरीस मुलगी बाळाला घेऊन आली. खोलीच्या दारात थांबली आणि वर बघितलं. मी रंग काढला नव्हता. छत करड्या सिमेंटचंच होतं, नव्या-जुन्याची सीमा स्पष्ट दिसत होती. तिने पहिले दोन दिवस बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत, जमिनीवर गादी टाकून काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ वरून शहाळं घेऊन आले, बाळाला लांबूनच बघितलं आणि तिला मोरीची, कोब्याची, आपल्या आंघोळींची सगळी हकिगत मालवणीत सांगितली. ती खूप दिवसांनी मोकळी हसली. ते गेल्यावर तिने विचारलं, "आई, आता स्लॅब घट्ट आहे ना? खरं सांग."

"या खोलीचा आहे," मी म्हटलं. "बाकीच्या घराचं मला माहीत नाही. स्वयंपाकघरात खिडकीवर एक भेग आहे. जिन्याच्या बीमलाही आहे. सोसायटीला पत्र दिलंय, उत्तर आलेलं नाही."

तिने बाळाला उचललं, आत जाऊन पलंगावर ठेवलं आणि शेजारी आडवी झाली. थोड्या वेळाने दोघींनाही झोप लागली. मी दारात खुर्ची घेऊन बसले. बसवलं नाही, उठून स्वयंपाकघरात गेले, खिडकीवरची भेग बघून आले, पुन्हा बसले. मिस्त्री सोमवारी ती बघायला येतो म्हणालेत.